समलिंगी आयुष्याची आर्थिक आखणी : लग्न जे आपोआप देतं, ते कागदावर कसं मिळवायचं

वर्धा जिल्ह्यात, आर्वी असो की हिंगणघाट, माणसाच्या आयुष्याचा आराखडा लग्नाभोवती बांधलेला असतो. शिक्षण, नोकरी, सोयरीक, घर, लेकरं आणि शेवटी लेकरांच्या भरवशावर म्हातारपण. हा आराखडा कुणी लिहून देत नाही, तरी त्यात अनेक आर्थिक सोयी गुपचूप बसवलेल्या असतात. लग्न झालं की वारस ठरतो, दवाखान्यात सही करणारं माणूस मिळतं, गृहकर्जाला सहकर्जदार मिळतो, विम्याच्या फॉर्मवर नाव लिहिता येतं आणि आजारपणात चहा करून देणारे हातही मिळतात. तुम्ही गे किंवा लेस्बियन असाल, तर यातली एकही गोष्ट तुमच्याकडे आपसूक येणार नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी, जाणीवपूर्वक आणि शक्यतो लेखी उभी करावी लागेल. हे काम जमण्यासारखं आहे. मात्र पंचविशी-तिशीत सुरू केलं तर सोपं जातं आणि पन्नाशीनंतर फार महाग पडतं.

आधी कायदा कुठे आहे ते पाहू

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंह जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्यात मात्र याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. शेजारच्या यवतमाळमध्ये डिसेंबर २०१७ ला दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला. पुढे नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी आप्तांच्या साक्षीनं एकमेकींना अंगठ्या घातल्या. असे सोहळे मनाला उभारी देतात, पण त्यातून वारसाहक्क मिळत नाही. जोडीदार कायद्याच्या नजरेत अजून परकाच आहे. म्हणून पुढची सगळी आखणी हे गृहीत धरून करायची.

पायाखालची जमीन : स्वतःचं उत्पन्न, स्वतःचे कागद

घरी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हा निर्णय पूर्णपणे तुमचा. पण सांगायचं ठरवलंच, तर त्याआधी तीन गोष्टी हाताशी असू द्या. पहिली, फक्त तुमच्या नावाचं बँक खातं, ज्याला तुमचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे. वडिलांसोबतच्या संयुक्त खात्यात पगार जमा होत असेल, तर घरात वाद पेटल्यावर तुमची कमाईही अडकू शकते. दुसरी, मूळ गुणपत्रिका, आधार, पॅन, जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र तुमच्या ताब्यात. निदान डिजिलॉकरमध्ये त्यांच्या प्रती. तिसरी, किमान सहा महिने भाडं-जेवण भागेल एवढी शिल्लक. घरून आधार तुटला तर ही शिल्लक तुम्हाला कुणाच्याही अटी मान्य करण्यापासून वाचवते.

शिकत असाल आणि फी वडील भरत असतील, तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबण्यात भित्रेपणा नाही. स्वतःच्या पायावर उभं राहून बोललेलं वाक्य घरातही वेगळ्या वजनानं ऐकलं जातं.

महत्त्वाकांक्षा : पळून जाण्याची आणि पुढे जाण्याची

गावातून लवकर सुटता यावं म्हणून मिळेल ती पुण्या-मुंबईची नोकरी धरणारे अनेक असतात. शहर मोकळीक देतं हे खरं आहे. पण निव्वळ अंतरासाठी घेतलेली नोकरी पाच वर्षांनी तिथल्या तिथेच राहिली, तर भाड्यात पगार जातो आणि परतीची वाटही उरत नाही. म्हणून कौशल्य असं निवडा, जे सोबत नेता येईल आणि परतही आणता येईल. नर्सिंग, लॅब तंत्रज्ञान, हिशेबलेखन, संगणक, शिक्षकी, विजेची कामं ही नागपुरात चालतात, पुण्यात चालतात आणि सेवाग्राम-सावंगीच्या दवाखान्यांच्या परिसरातही चालतात. ज्यांना घर सोडता येत नाही, त्यांच्यासाठी नागपूर रेल्वेनं दीड-दोन तासांच्या आत आहे. नोकरी वर्ध्यात आणि आपली माणसं नागपुरात, असंही आयुष्य नीट जगता येतं. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था एलजीबीटी समुदायासोबत काम करते आणि तिथे प्राइड मोर्चाही निघतो.

नोकरी निवडताना एक प्रश्न नक्की विचारा : इथे माझ्या जोडीदाराला काय मिळतं? टाटा स्टीलनं २०१९ मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांना जोडीदाराची नोंद करून सवलती घेण्याची सोय केली. काही मोठ्या कंपन्यांच्या आरोग्य विम्यात आज जोडीदाराचं नाव घालता येतं. लैंगिक कलावरून भेदभाव करू नये असं खासगी कंपन्यांना बांधणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणून कंपनीचं लेखी धोरण हाच तुमचा आधार, आणि तो पगाराइतकाच मोलाचा समजा.

या संदर्भात प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचं उदाहरण विदर्भानं विसरू नये. नागपूरहून गेलेले हे मराठीचे प्राध्यापक अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवत होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोकांनी त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण केलं. त्याआधी सातच महिने दिल्ली उच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निकाल दिला होता. तरीही विद्यापीठानं सिरस यांना निलंबित केलं आणि विद्यापीठाचं निवासस्थान सोडायला सांगितलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. पण आठवडाभरातच, ७ एप्रिलला, ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. नोकरी, घर आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी एकाच मालकाच्या हातात असल्या की एका आदेशानं तिन्ही जाऊ शकतात. म्हणून क्वार्टरमध्ये राहत असाल तरी बाहेर स्वतःचं छोटं छप्पर घेण्याची तयारी लवकर सुरू करा आणि संकटात दार उघडणारी दोन माणसं नोकरीच्या वर्तुळाबाहेर जोडून ठेवा.

लग्नाचा दबाव

“लग्न कर, सगळं नीट होईल” हा सल्ला नातेवाईक देतात, कधी कधी डॉक्टरही. लैंगिक कल उपचारानं बदलत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये तो बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. असा उपचार सांगणाऱ्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

दबावाखाली केलेल्या लग्नात सगळ्यात मोठी किंमत मोजते ती समोरची व्यक्ती, जिला काहीच सांगितलेलं नसतं. तिच्या आयुष्याची वर्षं परत देता येत नाहीत. पैशाचा हिशेबही जड आहे : लग्नाचं कर्ज, मोडलं तर पोटगी, वकिलाची फी, वर्षानुवर्षांच्या तारखा. टाळण्याचा उपाय कठीण असला तरी एकच आहे, स्पष्ट आणि वेळेवर नकार. सज्ञान मुलीला किंवा मुलाला कोंडून ठेवणं, मारहाण करणं हा गुन्हा आहे. अशा वेळी ११२ वर फोन करा. स्त्रियांसाठी १८१ हा क्रमांकही आहे.

लग्न आधीच झालेलं असेल, तर पहिली जबाबदारी जोडीदार आणि मुलांची. त्यांच्या नावे घर, विमा, शिक्षणाचा पैसा सुरक्षित करून मगच पुढच्या आयुष्याचा विचार प्रामाणिकपणे बोलून करावा.

वावर आणि हिस्सा

आपल्या जिल्ह्यात खरी संपत्ती म्हणजे वावर. अविवाहित मुलाला भाऊबंदांकडून ऐकावं लागतं, “तुले लेकरंबाळं नाही, तुले वावर कायले पाह्यजे?” आणि मग हक्कसोड पत्र पुढे केलं जातं. यावर घाईत, भावनेच्या भरात सही करू नका. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित संपत्तीत मुलाचा हक्क जन्मानं आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही तितकाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात ते पक्कं केलं. लग्न न करण्यानं हा हक्क कमी होत नाही. उलट ज्याला म्हातारपणी मुलांचा आधार नाही, त्याला जमिनीच्या उत्पन्नाची गरज जास्त असते. हिस्सा भावालाच द्यायचा असेल तर बाजारभावानं मोबदला घ्या, तो बँकेतून घ्या आणि मगच नोंदणीकृत दस्त करा. सातबारा आणि आठ-अ वर्षातून एकदा ऑनलाइन बघत जा. तुम्ही पुण्यात असताना गावात कुठला फेरफार झाला, ते वेळेत कळतं.

वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन मात्र ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. म्हणून तिच्यावर आपली आखणी उभी करू नका.

शेतजमीन जोडीदाराला द्यायची इच्छा असेल, तर विदर्भासाठीचा १९५८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लक्षात घ्या. शेतकरी नसलेल्याच्या नावे शेतजमीन करण्यावर त्यात बंधन आहे आणि मृत्युपत्रानं दिली तरी वाद उभा राहू शकतो. जोडीदार शेतकरी नसेल तर त्याच्यासाठी घर किंवा ठेवी यांचा मार्ग धरा आणि जमिनीबद्दल महसुली कामातल्या वकिलाचा सल्ला घ्या.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बहुतेकांचा इथेच घोटाळा होतो. बँकेत जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून लिहिलं की झालं, असं वाटतं. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्याची. सर्वोच्च न्यायालयानं विम्याबद्दल हे डिसेंबर १९८३ मध्ये आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं? हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्यानुसार अविवाहित, निपुत्रिक पुरुषाचं सगळं आधी आईकडे जातं. आई नसेल तर वडील, मग भाऊबहीण. अविवाहित स्त्रीचं आईवडिलांकडे. जोडीदार या यादीत कुठेच नाही, मग तो वीस वर्षं सोबत राहिलेला का असेना.

म्हणून मृत्युपत्र कराच, वय तीस असलं तरी. ते मराठीत, साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. ज्याला संपत्ती मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण कुटुंबाकडून आव्हान येण्याची शक्यता असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्या. एक साक्षीदार डॉक्टर असेल तर उत्तम. मुस्लिम वाचकांनी लक्षात ठेवावं की त्यांच्या व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश संपत्तीचंच मृत्युपत्र करता येतं.

आता नॉमिनीकडे वळू. केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला किंवा त्याला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. बँकेतला माणूस अडून बसला तर या सूचनेचा दाखला देऊन लेखी उत्तर मागा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार नॉमिनी, प्रत्येकाच्या टक्केवारीसह, ठेवता येतात. म्हणजे आई आणि जोडीदार दोघांची नावं एकाच ठेवीवर बसतात.

भविष्य निर्वाह निधीचं वेगळं आहे. त्या योजनेत ‘कुटुंब’ कोण, हे नियमानं ठरलेलं आहे आणि अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात. कुटुंब असताना बाहेरच्याचं नाव चालत नाही. आयुर्विम्यात २०१५ पासून आईवडील, पती-पत्नी, मुलं यांना लाभार्थी नॉमिनीचा, म्हणजे पैशाची मालकीही मिळणाऱ्या नॉमिनीचा, दर्जा मिळतो, जोडीदाराला नाही. यावरून सरळ वाटणी सुचते : पीएफ आणि विमा आईवडिलांकडे, बँक ठेवी आणि घर जोडीदाराकडे, आणि या सगळ्याला आधार मृत्युपत्राचा.

दोघांचं घर

घर घेताना खरेदीखतात दोघांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा. प्रत्येकानं आपला वाटा स्वतःच्या खात्यातून द्यावा. बऱ्याच बँका सहकर्जदार म्हणून रक्ताचं नातं किंवा पती-पत्नीच मागतात; तसं झालं तर कर्ज एकाच्या नावे आणि आपसातला लेखी करार दोघांचा. करारात वेगळं झाल्यास कुणी किती परत द्यायचं तेही लिहा. प्रेमात असताना हे लिहायला अवघड वाटतं. पण घटस्फोटाचा कायदा आपल्यासाठी नाही, त्यामुळे कटुता आल्यावर मध्यस्थी करायला हा करारच असतो.

कराचंही भान ठेवा. पती-पत्नीमधली भेट करमुक्त असते. जोडीदाराकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली तर घेणाऱ्याला त्या पूर्ण रकमेवर कर लागतो. मृत्युपत्रानं मिळालेल्या संपत्तीवर हा कर नाही. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरारात दोघांची नावं घाला. पत्त्याचा पुरावाही तयार होतो.

आजारपण

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं गावकऱ्यांसाठी सुगीला ज्वारी जमा करून घेणारी आरोग्य विम्याची योजना चालवली. धान्य हातात असताना वाटा द्यायचा आणि आजारात उपचार घ्यायचे. आपल्यालाही हेच करायचं आहे. जोडीदाराला फॅमिली फ्लोटर पॉलिसीत घ्यायला अनेक कंपन्या तयार नसतात, म्हणून दोघांनी वेगवेगळी आरोग्य पॉलिसी तरुणपणीच घ्यावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि तिथे कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरची नावं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं आहे की रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावं. तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज करताना ही सूचना सोबत जोडा. आईवडिलांच्या कार्डावरचं नाव मात्र नवी सोय झाल्याशिवाय कमी करू नका.

सही कुणी करायची, हेही आधी ठरवा. मानसिक आजाराच्या उपचारांपुरता, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार, कोणताही सज्ञान माणूस साध्या कागदावर तुमचा नामनिर्देशित प्रतिनिधी होऊ शकतो. याच कायद्यात लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई आहे. शेवटच्या आजारातल्या उपचारांविषयी ‘लिव्हिंग विल’ करता येतं. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे आणि त्यात जोडीदाराला निर्णयाचा अधिकार देण्याची इच्छा लिहून ठेवा. या कागदांची एक प्रत जोडीदाराकडे, एक आपल्या डॉक्टरांकडे.

मन थकलं असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ॲपवर ओळख झालेला माणूस फोटो दाखवून पैसे मागत असेल तर पहिला हप्ताही देऊ नका; मागणी तिथे थांबत नाही. संदेश जपून ठेवा, १९३० वर आणि पोलिसांत तक्रार करा. समलिंगी असणं गुन्हा नाही, खंडणी मागणं गुन्हा आहे.

म्हातारपण

मुलं नसलेल्या माणसानं म्हातारपणाचा पैसा दुसऱ्यांपेक्षा आधी आणि जास्त साठवायला हवा. दरमहा २,००० रुपये, सरासरी ८ टक्के परतावा धरून, तिसाव्या वर्षापासून साठपर्यंत टाकले तर साधारण ३० लाख होतात. चाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर १२ लाखांच्या आत राहतात. दहा वर्षांचा उशीर निम्म्याहून जास्त रक्कम खातो. पीपीएफ, एनपीएस, म्युच्युअल फंडाची एसआयपी यांतलं झेपेल ते निवडा. रोजंदारी करणाऱ्या, आयकर न भरणाऱ्या वाचकांना चाळिशीच्या आत अटल पेन्शन योजनेत शिरता येतं. तिथे साठीनंतर १,००० ते ५,००० रुपये महिना हमखास पेन्शन आहे.

पैशासोबत माणसंही लागतात. लग्नाबाहेर सन्मानानं म्हातारं होता येतं, हे वर्धा जिल्ह्याला सांगावं लागू नये. पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथे संसार न मांडलेल्या स्त्रिया एकत्र राहिल्या, सोबत राबल्या आणि एकमेकींच्या सोबतीनं वृद्ध झाल्या. त्यांची वाट ब्रह्मचर्याची होती, आपली वेगळी आहे. पण रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसतानाही शेवटपर्यंतची जबाबदारी नियमानं वाटून घेता येते, एवढं त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानंही म्हटलं की विवाह हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही. तीन-चार मित्रमैत्रिणींनी एकाच वस्तीत घरं घेणं, एकमेकांच्या किल्ल्या आणि कागद सांभाळणं, आजारपणासाठी सामायिक ठेव ठेवणं, हे चाळिशीतच ठरवा.

सुरुवात कुठून?

या महिन्यात तीन कामं करा. प्रत्येक खात्यावर आणि पॉलिसीवर नॉमिनी कोण आहे ते तपासा. एका पानाचं मृत्युपत्र लिहा. स्वतंत्र आरोग्य पॉलिसी नसेल तर घ्या.

आणि शक्य असेल त्यांनी चौथंही करावं : आई आणि जोडीदार यांची ओळख करून द्यावी. अविवाहित मुलाच्या मागे कायद्याची वारस आई आहे आणि मृत्युपत्राचा वारस जोडीदार. उद्या बँकेच्या खिडकीपुढे हीच दोन माणसं समोरासमोर येणार आहेत. ती एकमेकांना ओळखत असतील, तर वाद कोर्टापर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही. वर्ध्यातल्या ज्या आईवडिलांना आपल्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल कळलं आहे, त्यांनाही म्हणून विनंती आहे. स्वतःचं मृत्युपत्र करताना या लेकराचा हिस्सा पूर्ण ठेवा. त्याच्या कागदांवर जोडीदाराचं नाव दिसलं तर ते खोडायला लावू नका. तुमच्या माघारी त्याला सांभाळणारं माणूस तेच आहे.